चुकीचे पेढे

स्वतःची चूक सापडली म्हणून गल्लीत पेढे वाटणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू. कॉलेजात गणित शिकवायचे, पण खरा जीव त्रिकोणांत. साखर कारखान्याची टाकी बांधण्याआधीच ती किती ताण सोसेल हे कंप्युटरवर पाहायचं, तर तिच्या चित्राचे बारीक बारीक त्रिकोण पाडावे लागतात म्हणे. तो प्रोग्रॅम ह्यांनी घरी बसून रचला होता. ताटात पुरणपोळी पडली की तिचेही त्रिकोण; एखादा निमुळता निघाला की तो माझ्या ताटात. "बारीक कोनाचा भरवसा न्हाई, साडूभाऊ," म्हणायचे.

आणि तपासण्याची हौस तर विचारूच नका. आधी उत्तर स्वतः ठरवायचं, त्याला बसेल असं गणित रचायचं, मग ते मशीनला घालायचं; ठरवलेलंच उत्तर परत आलं तर मशीन खरं. हाच न्याय माणसांना. जुन्या जालन्यात रिक्षावाल्याला आपल्याच घराचा पत्ता विचारायचे, बरोबर सांगितला तरच बसायचे. एकदा तो वैतागून म्हणाला, "सर, रोज मैंच तो छोडता आपको." हे खुश. "बिलकुल बराबर," म्हणत बसले.

पुढं पुण्याच्या एका कंपनीनं हा प्रोग्रॅम मागितला, वर नोकरीही देऊ केली. माझ्या मेहुणीनं, म्हणजे ह्यांच्या बायकोनं, तिथल्या घराचे पडदेसुद्धा शिवून घेतले. निघायच्या दिवशी दारात टेम्पो भरून उभा, आणि हे पेढ्यांचा पुडा घेऊन जवळजवळ नाचतच आले. कॉलेजच्या कंप्युटरवर शेवटचं एकदा तपासलं होतं. त्रिकोण निम्म्या मापाचे केले की उत्तरातली चूक पाव हिश्श्यावर यायला हवी. ती निम्म्यावरच अडकत होती, म्हणजे प्रोग्रॅममध्येच कुठंतरी खोट होती. "सापडली, साडूभाऊ. इतकी वर्षं लपून बसल्ती."

"मग पुण्याला जाऊन दुरुस्त करा की," मी म्हणालो. पण ह्यांनी एसटीडी बूथवरून कंपनीला कळवूनही टाकलं होतं, ह्याच्या भरवशावर टाकी बांधू नका म्हणून. तिकडून उत्तर आलं, प्रोग्रॅम नाही तर नोकरीही नाही. हे सांगताना मात्र आवाज उतरला, कारण मेहुणी दारातच उभी होती. मला तर असा संताप आला होता की काय सांगू.

ती टेम्पोकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "दाजी, आधी कंप्युटरचं खोकं उतरवा. ऊन लागून राह्यलं त्याला."

पुण्याचं ते घर तिनं पुढं कधी पाहिलं नाही. खोकं एका बाजूनं तिनं धरलं, दुसऱ्या बाजूनं ह्यांनी. उलट्या पावलांनी घरात शिरताना हे तिला समजावून सांगत होते की चूक नेमकी कुठं दडली असेल, आणि ती भरल्या डोळ्यांनी विचारत होती, "हं, मंग?"