जपानी बाईची शेवटची शर्यत, आणि माझी

मैत्रिणींनो, आज सकाळी नातीने मोबाईलवर एक जपानी मॅरेथॉन धावपटू दाखवली. शेवटची शर्यत संपल्यावर ती मागे वळली आणि रस्त्यालाच वाकून नमस्कार केला तिने. मला रडूच फुटलं.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. दोंडाईच्याच्या शाळेत पळण्यात मला कुणी गाठायचं नाही. मग एक दिवस पाहुणे बघायला आले. मुलाची आई म्हणाली, "चालीसन दखाड व पोरी." मुलगी लंगडी नाही ना, एवढंच बघायचं होतं त्यांना. मी मान खाली घालून ओटीवरून चुलीपर्यंत चालत गेले.

"पाय नीट शेतस," मुलाची आई म्हणाली, म्हणजे पाय ठीक आहेत. लग्न ठरलं, पळणं सुटलं.

त्या जपानी बाईला आपली शेवटची शर्यत कुठली ते ठाऊक तरी होतं. माझी कुठली होती, सकाळपासून आठवून बघतेय, आठवत नाही.

तुम्हाला तुमची आठवते का गं?