कावीळ झालेला मासा

साहेबाने जाताना मला मासे दिले तेव्हा ते मला नको होते, हे आधीच सांगून टाकतो. मी लोणावळ्याच्या मालधक्क्यावर कारकून होतो आणि साहेब रेल्वेतला इंजिनिअर. लढाई सुरू झाली आणि तो बायकोला घेऊन घाईघाईने विलायतेला निघाला. बंगल्यातलं सामान हाताखालच्या माणसांना वाटून टाकलं. एका गार्डला ग्रामोफोन मिळाला, दुसऱ्या कुणाला वेताच्या खुर्च्या. माझ्या वाट्याला आली एक काचेची पेटी, आणि पेटीत दोन मासे, तेही माझ्या करंगळीएवढे. मी मान खाली घालून 'थँक यू सर' म्हणालो आणि मनातल्या मनात गार्डाच्या नावाने बोटं मोडली.

मासे दक्षिण अमेरिकेतले होते. तिथल्या कुठल्याशा अफाट नदीच्या काठाला, पानांच्या खचात राहणारे. साहेबाने त्याच्या मोडक्या हिंदीत पुन्हापुन्हा बजावलं होतं की नळाचं पाणी घालायचं नाही, पावसाचंच घालायचं. पाण्यात वाळकी पानं टाकायची. पेटीखालचा दिवा विझू द्यायचा नाही. मग दोन बोटं एकमेकांना चिकटवून म्हणाला, "बच्चा होगा. हाथ मत लगाना." पावसाच्या पाण्याला लोणावळ्यात काय तोटा! पत्र्याच्या पन्हळीखाली पिंप ठेवलं की झालं. पानं मी जांभळीची टाकली. पाण्याला चहाचा रंग चढला आणि मासे खूष झाले. निदान मला तसं वाटलं. मासा खूष झालाय हे ओळखायचं कसं, हे साहेब सांगून गेला नव्हता.

दोघांतला एक मोठा होता. अंगावर निळी चमक, शेपटीला तांबडी किनार, पाठीवरचा पर झुलीसारखा उभा. दुसरा लहान, मळकट, अंगावर एक काळी रेघ, बस्स. एवढा साजशृंगार केलेली ती बाई, असं मी ठरवून टाकलं आणि मळकट तो बुवा. आमच्याकडे लग्नात असंच दिसतं, त्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही. बाई पेटीभर मिरवायची आणि बुवा एका उपड्या करवंटीच्या आडोशाला पडून असायचा. ती करवंटी साहेबानेच कडेला भोक पाडून ठेवली होती. कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं.

घरात मी आणि आई, दोघंच. आई आंदर मावळातली. वडील गेल्यावर माझ्याकडे रेल्वेच्या चाळीत राहायला आली, पण बोलणं-चालणं डोंगरातलंच राहिलं. माझी धाकटी बहीण इंदुरीला दिली होती. मासे यायच्या काही वर्षं आधीची गोष्ट. तिची मुलगी अंगावर पीत होती तेव्हा बहिणीला कावीळ झाली. आई बैलगाडी करून गेली आणि तिला लोणावळ्याला घेऊन आली. इथे दवाखाना होता, आणि आईच्या ओळखीची एक औषधवालीही होती. तान्ही मुलगी इंदुरीलाच ठेवली. कावीळ झालेल्या आईचं दूध पोरीला बाधेल असं सगळेच म्हणाले आणि आईनेही तेच म्हटलं. बहीण अंथरुणावरून दाराकडे बघायची आणि म्हणायची, "पोर आना गं माजी." आई म्हणायची, "आदी बरी हो, मग आनू." ती बरी झाली नाही.

त्यानंतर आई इंदुरीला गेली नाही. तिकडून सणावाराला बोलावणं यायचं, पोरगी चालायला लागली, बोलायला लागली असे निरोप यायचे. आईला दर वेळी काहीतरी काम निघायचं. आणि तिला एक खोड लागली. कुणीही घरी आलं की ती त्याच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून आत बघायची. दूधवाला, पोस्टमन, शेजारीपाजारी, कुणी सुटलं नाही. मी तर रोज सकाळी चहाच्या आधी डोळे दाखवायचो. "पांढरं हायेत," ती म्हणायची आणि मग कप पुढे सरकवायची. घरात गाणं नाही, हसणं नाही, जेवायचीही चिमणीएवढं. मला तिचं फार वाईट वाटायचं आणि कधीकधी रागही यायचा, पण दोन्ही मी तिला दाखवत नव्हतो.

भर पावसाळ्यात एके दिवशी मी कामावरून आलो तर आई पेटीपुढे उकिडवी बसलेली. चेहरा पांढराफटक.

"ह्याला कावीळ झालीया," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. बुवा खरोखरच पिवळा पडला होता. साधासुधा नाही, झेंडूसारखा जर्द पिवळा, त्यावर काळे डाग उठलेले. आणि त्याचं वागणंही बिघडलं होतं. एरवी कोपऱ्यात पडून राहणारा हा गरीब प्राणी करवंटीतून तीरासारखा बाहेर यायचा आणि त्या नटलेल्या बाईच्या अंगावर धावून जायचा. बाईची शेपटी फाटली होती. ती जीव मुठीत धरून वरच्या कोपऱ्यात दडली होती. आजाराने माणसं चिडखोर होतात हे मला ठाऊक होतं, पण बायकोला एवढं मारायचं म्हणजे कमाल झाली. माझं डोकं चालेना.

"डोळं बगायचं तर ह्याला पापनीच न्हाई," आई म्हणाली. तिची मोठीच पंचाईत झाली होती.

साहेबाने हात लावू नको म्हटलं होतं ते मला आठवत होतं. पण आईच्या तोंडाकडे बघून मला ते सांगवेना. तिने पदराच्या टोकाने बुवाला अलगद धरलं आणि पावसाच्या पाण्याने भरलेल्या एका मोठ्या भांड्यात सोडलं. मग ट्रंकेतून एक माळ काढली. कावीळ उतरवायला रोग्याच्या गळ्यात घालतात ती, मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवलेली. रोग उतरेल तशी ही माळ लांबत जाते म्हणतात. बहिणीच्या गळ्यातली ती माळ आईने जपून ठेवली होती हे मला त्या दिवशी कळलं. माशाला गळा कुठला? तिने ती भांड्याच्या गळ्यात बांधली. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

"तेलकट कायबी घालू नगंस त्याला," तिने बजावलं. बुवा पिंपातल्या डासांच्या अळ्या खायचा, पण मी बरं म्हणालो.

आणि नवल म्हणजे बुवा बरा झाला! दुसऱ्या दिवशी पिवळेपणा फिका झाला, मग गेलाच. पुन्हा तोच मळकट रंग आणि तीच काळी रेघ. आईने मला हाताला धरून भांड्यापाशी नेलं. "उतरली! बग की, उतरली!" तिचा आवाज फुटत होता. त्या दिवशी तिने माझ्या बरोबरीने भाकरी खाल्ली. जात्यावर बसली तेव्हा किती वर्षांनी तिच्या तोंडून ओवी ऐकली. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकत राहिलो आणि त्या माशाचे मनोमन पाय धरले.

पण पेटीतला घोळ निराळाच होता. पानं बदलायची म्हणून मी करवंटी उचलली तर तिच्या आत, वरच्या बाजूला, तांबूस दाणे चिकटलेले. थोडेच उरलेले. त्यांवर कापसासारखी बुरशी आली होती. अंडी! आणि ती नटलेली बाई माझ्या हाताखाली घुसून उरलेले दाणे पटापट खात होती. आता मात्र माझी मतीच गुंग झाली. स्वतःची अंडी खाणारी ही कसली आई? आणि अंडी तिची असतील तर करवंटीत तिला शिरू न देणारा तो बुवा कोण? आजारी माणूस अंड्यांची राखण का करत होता? आईने बुवाला पेटीत परत सोडलं तरी मी आपला कोड्यातच. धक्क्यावर पोत्यांची मोजणी करताना माझे आकडे चुकायला लागले.

पुढे बुवा परत पिवळा पडला. आई तेव्हा शेजारी गेली होती. मी करवंटीच्या भोकाशी आरसा धरून आत पाहिलं, तर अंडी. ताजी, तांबूस, छताला टांगलेली, आणि तो पिवळा जीव उलटा होऊन त्यांना परांनी वारा घालत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बुवा हीच बाई होती, आणि नटलेली बाई हा बुवा होता. कावीळ नव्हतीच. अंड्यांवर बसली की ही पिवळी व्हायची. अंड्यांपासून तोडली म्हणून रंग गेला होता. तो गेला म्हणून आई नाचली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, भीती वाटली. आईला सांगायचं काय? तू रोग बरा केला नाहीस, पिलांपासून आई तोडलीस, असं? तिच्या तोंडी आलेली ओवी मी कोणत्या तोंडाने बंद करणार होतो? आणि सांगितलं नाही तर ती पुन्हा भांडं आणणार, पुन्हा माळ बांधणार. बरोबर काय नि चूक काय, मला काहीच उमगेना. मी घाईघाईने त्या नटव्याला उचलून भांड्यात टाकलं आणि पेटीपुढे आडवा उभा राहिलो.

आई आली. "पिवळा पडलाय जनू," ती म्हणाली. "मग ह्यो धडधाकट का काडलास भाईर?"

"ह्या खेपेला थांबू," मी म्हणालो. "आपोआप उतरते का बघू."

"थांबून काय व्हतंय ते ठावं हाय मला." "कळतंया का तुला?"

मी पेटीवर हात ठेवून तसाच उभा. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला आडवा गेलो. ती खुंटीवरची माळ काढून आत घेऊन गेली. जात्याचा आवाज आला नाही. ती माझ्याशी बोलायची बंद झाली आणि माझे डोळेही तपासेनाशी झाली. मी सकाळी चहा घेताना मुद्दाम तोंड पुढे करायचो. ती कप ठेवून निघून जायची.

इकडे पेटीत अंड्यांची वळवळ झाली, ती वळवळ पिवळ्या आईने वाळूतल्या खड्ड्यात नेऊन ठेवली. मी भाताचा पेंढा पाण्यात कुजवून ते पाणी थेंबथेंब सोडत होतो, कारण एवढ्याशा जिवांना दुसरं काय घालायचं ते सुचत नव्हतं.

एका सकाळी उठलो तर आई पेटीपुढे मांडी घालून बसलेली. पाण्यात पिवळ्या माशाभोवती धुळीचा लोट असावा तशी पिलं पोहत होती. ती हलली की लोट हले, ती थांबली की थांबे. एखादं पिलू बाजूला गेलं की ती त्याला तोंडात धरून आणायची.

"ही बाई हाय व्हय?" आईने विचारलं. आवाज अगदी खाली.

"हो."

"मग पिवळी कशापायी?"

"पिलांपाशी असली की होते."

"मी भांड्यात घातली तवा?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "अंडी होती, आई. ती गेली."

"अन मी म्हनलं उतरली." तिने काचेवर तळवा टेकला. पिवळी बाई त्या हातावरही धावून आली. "पोर आना म्हनत व्हती. मी म्हनलं, आदी बरी हो. बरी काय व्हनार हुती... पर पोर तरी बगितली असती न्हवं तिनं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आईचा तेव्हा अपराध होता असं मला आजही वाटत नाही. पण तिला तसं सांगायचं धैर्य झालं नाही, आणि सांगून ती ऐकणार होती थोडीच?

दुसऱ्या दिवशी ती धुवट लुगडं नेसून, हातात गाठोडं घेऊन दारात उभी. "इंदुरीला चल," एवढंच म्हणाली. मी रजा टाकली. तळेगावला उतरून आम्ही बैलगाडी केली. अर्ध्या वाटेत आईने विचारलं, "तिकडं दिवा कोन बगंल?" मी शेजाऱ्यांना सांगितलंय म्हणालो.

इंदुरीच्या घरी व्याह्यांनी मागचं काही काढलं नाही. पाणी दिलं, गूळ दिला. मग आतून एक पोरगी आली. परकर वर खोचलेला, हाताला शेण, गोवऱ्या थापता थापता उठून आलेली. कपाळ आणि हनुवटी माझ्या बहिणीची. अनोळखी माणसं बघून ती खांबाला धरून उभी राहिली.

आईने हाताने तिला जवळ बोलावलं. पोरगी आली. आईने तिला मिठीत घेतलं नाही, नाव विचारलं नाही. सवयीनं बोट पुढे केलं आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढली. मग दुसऱ्या डोळ्याची.

"पांढरं हायेत," आई म्हणाली.

पोरीला तो खेळ वाटला असावा. तिने शेणाचा हात परकराला पुसला, बोट पुढे केलं आणि आईची पापणी ओढून आत निरखून बघितलं.

"तुमचं तर लाल हायेत," ती म्हणाली.