कुलपाआडून सांगितलेले सिनेमे

पोरी, तो फोन ठेव बाजूला आणि माझ्या पत्राचे हे कागद घेऊन अशी जवळ सरक, लहानपणी माझ्या मांडीला मांडी लावून बसायचीस तशी. नागपूरहून गोंदियाला यायला तुला वेळ नाही, पण "मावशी, घरी बसून बघायला काही थरारक सांग, खऱ्या गुन्ह्यांचं असलं तर बरंच" हे विचारायला बरा वेळ मिळतो! काऊन वो, मी काय सिनेमाची चिठ्ठी लिहून देणारी डॉक्टर आहे? सांगते. पण या सांगण्यापायी माझं काय होऊन बसलं ते आधी ऐक.

तुझे मावसाजी गेले आणि मी दरेकशाकडचं गावचं घर बंद करून इथं गोंदियात मुलाकडे राहायला आली. मुलगा राईस मिलवर, सून शाळेत. दोघं सकाळी निघाले की घरात मी आणि टीव्ही. कोणतं बटण दाबलं की काय उघडते ते सुनेनंच शिकवलं. सासू-सुनांच्या मालिका मला नको, त्या काय घरीच आहेत. मला खून आवडले. म्हणजे कोणी केला, कसा सापडला ते.

समोरच्या ओसरीवर चौघी बिड्या वळत बसतात. उमेदीत मीही वळल्या, आता बोटं आखडली. दुपारी मी त्यांच्यात जाऊन बसायची. मांडीत सूप, सुपात पानं आणि तंबाखू, नजर पानावर. त्यांनी टीव्ही बघायचा कधी? म्हणून सकाळी मी बघायची आणि दुपारी त्यांना सांगायची. त्यातूनच मला कळलं, नुसत्या कानाला पुरतो तो सिनेमा चांगला. एकदा लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईचा सांगायला घेतला. अर्धा तास त्यात कोणी बोलतच नाही! मी आपली, "आता ती वर बघते. आता घाम पुसते." एक जण वैतागली, "आज्जी, काढ तिले लवकर, माही बिडी बिघडून राहिली!"

त्यापेक्षा खऱ्या गुन्ह्यांच्या डॉक्युमेंटऱ्या बऱ्या. पोलीस बोलतो, शेजारीण बोलते, मेलेलीची बहीण बोलते. पोस्टमनची बायको नाहीशी होते ती तर तू बघच. नाव लक्षात नाही, चित्रात लाल सायकल आहे. त्यातल्या शेजारणी इतकं सहज खोटं बोलतात की कणीक मळता मळता ऐकलं तरी अंगावर काटा येतो.

चूक माझी झाली ती एका रविवारी. सुनेला म्हटलं, "तू पण बस, एक चांगली दाखवते." आणि जी मला सगळ्यात आवडली तीच लावली, एकट्या म्हाताऱ्या बायांच्या दारी पाणी मागत येणाऱ्या माणसाची. मी मजेत फुटाणे खाऊन राहिली होती. ती मधूनच उठून दाराची कडी बघून आली. तिसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला आला आणि दाराला लोखंडी गेट बसलं.

पहिल्या दिवशी एक चावी आत खिळ्याला होती. दुपारी चादरी विकणारा आला, उन्हानं दमला होता. मी उघडलं, पाणी दिलं, चहा पाजला, आणि संध्याकाळी जेवताना मोठ्या कौतुकानं सांगितलंही, की त्याची मुलगी बारावीला आहे. सुनेचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून बाहेरून कुलूप आणि दोन्ही चाव्या तिच्या पर्समध्ये.

नऊ ते पाच. समोरची ओसरी वीस पावलांवर दिसते. मी गेटचे गज धरून उभी राहते, गुडघे भरून आले की स्टूल ओढते. गॅस लावायची भीती वाटते. भाजी करपली तर धूर निघेल, मी कुठून निघू? टीव्ही लावावासा वाटत नाही, कारण बघून सांगायचं कोणाला? लावलाच तर त्यातलं बंद दार बघून माझाच जीव घुसमटते, आणि मी बंद करून टाकते.

समोरून हाक यायची, "काऊन वो आज्जी, त्या पोस्टमनच्या बायकोचं काय झालं मंग?" ओरडून सांगावं तर मधून धानाचे ट्रॅक्टर. शेवटी एका दुपारी चौघी सुपं घेऊन इकडेच आल्या आणि गेटबाहेर पोतं टाकून बसल्या.

"कैद्याले भेटाले आलो."

"जामीन कोण देते हिले?"

"हिची सूनच जज आहे, काय देते जामीन!"

मी हसली. पण पोरी, हसता हसता पदर डोळ्याला लावावा लागला.

नेमकी त्या दिवशी सून लवकर आली. चौघी गुपचूप सुपं उचलून गेल्या. ती म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील? सासूला कोंडून ठेवते म्हणतील."

"मग कोंडलंच तर आहे बाई."

ती पर्स मांडीवर घेऊन बसली. "वर्गात फळ्याकडे तोंड केलं की मला तो माणूस दिसतो. तुम्हीच दाखवला मला. बरं, एवढंच सांगा, उद्या कोणी पाणी मागितलं तर तुम्ही उघडणार नाही." चावी तिनं काढून हातात धरली होती.

नुसतं हो म्हणायचं होतं. पण माझी आई विहिरीपासून लांब, ओंजळ धरून, कोणी वरून ओतेल म्हणून उभी राहिलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. माझ्या दारावरून कोणी तहानलेला जायचा नाही.

मी म्हटलं, "तेवढं माझ्यानं होणार नाही."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली, आणि चावी परत पर्समध्ये गेली.

ती वाईट नाही हो. संध्याकाळी माझ्या गुडघ्यांना तेल तीच लावून देते. त्या दिवशी तेल लावता लावता एवढं कबूल झाली, की घरात दुसरं कोणी जाणतं माणूस असेल त्या दिवशी चावी आत राहील. मुलगा म्हणते, मिलचा हंगाम संपला की सुट्टी घेईन. तोवर मी काय करू?

म्हणून तू ये. चार दिवस जमत नसेल तर दोन दिवस ये. सकाळच्या गाडीत बस, स्टेशनवरून ऑटो मिळते. तुझ्या हाती चावी द्यायला सून तयार आहे, मी विचारून ठेवलं. दिवाळीची वाट नको पाहू बाई, याच आठवड्यात ये.