पौर्णिमेला सावल्या नसतात

यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी डॉक्टरांनी दादाचा रिपोर्ट वाचला. स्वादुपिंडात गाठ होती. ती यकृतापर्यंत पोचली होती. बाहेर बाकांवर बसलेले लोक टीव्हीकडे बघून टाळ्या वाजवत होते. दादा खोलीतून बाहेर आला, टीव्हीसमोर थांबला आणि त्यानं मला विचारलं, "उतरलं का?" मी हो म्हणालो. मग आम्ही औषधं घेऊन बरकतपुऱ्याला घरी आलो.

दादा सरकारी कचेरीत कारकून होता. आमचे वडील नोकरीसाठी नांदेडहून हैदराबादला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. दादाला आकाश बघायचा नाद; दुर्बिणीचा आरसाही त्यानं स्वतः घासून केला होता. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये पाणी आणि घासायची पूड; वरची चकती पुढेमागे फिरवायची आणि थोड्या वेळानं पाऊलभर बाजूला सरकायचं. खाली आधाराला बेगम बाजारातून आणलेलं पत्र्याचं पिंप होतं. कचेरीतून आल्यावर चहा घेऊन तो गच्चीवर त्या पिंपाभोवती फिरत राहायचा. असे कित्येक महिने गेले. प्रदक्षिणाच घालायच्या होत्या तर आपल्या आजोबांनी धर्म कशाला बदलला, असं वहिनी विचारायच्या.

आमच्याकडे पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला जातात. वंदना झाली की बरीच मंडळी आमच्या घरी खिरीला येत आणि वाट्या हातात घेऊनच गच्चीवर चढत. सगळ्यांना चंद्र बघायचा असे. दादा वैतागायचा. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, त्यामुळे तिथं कशाचीच सावली पडत नाही. डोंगर, विवरं, कडे, सगळं चुना फासलेल्या भिंतीसारखं एकसारखं दिसतं. खरा चंद्र अष्टमीला, असं तो सांगायचा. तेव्हा उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर ऊन तिरपं पडतं, विवरांच्या कडा उजळतात आणि पोटात काळोख भरलेला असतो. अंधाऱ्या भागात एखादं शिखर एकटंच पेटलेलं दिसतं.

"पुनवेला नुसतं तोंड बघायला येता," तो म्हणायचा. "अष्टमीला या, खड्डे दाखवतो."

"खड्डे बघायला वर कायकू चढायचं, दादा?" विहारातल्या एका काकांनी एकदा उत्तर दिलं. "नारायणगुड्यापर्यंत स्कूटरवर जाऊन या."

अष्टमीला कधी कुणी आलं नाही. त्या संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघंच असायचो. मी फारसं बोलत नसे, त्यालाही ते बरं वाटत असावं. दक्षिणेकडचा खडबडीत भाग त्याच्या विशेष आवडीचा. विवरात विवर, त्याच्या काठावर आणखी एक. तिथं तो तासभर डोळा लावून बसे.

यान त्याच बाजूला उतरलं होतं. पंधरवड्यानं तिथं रात्र पडली आणि यान झोपवलं, सूर्य उगवल्यावर जागं होईल या आशेवर. तेव्हा दादाला सलाइनमधून औषध चालू होतं. रोज सकाळी तो डोळे उघडल्यावर विचारायचा, उठलं का. मी पेपर बघून नाही म्हणायचो. पुढे त्यानं विचारणं सोडलं.

डिसेंबरात डॉक्टरांनी उपचार थांबवले. दादाला घरी आणलं. पौष लागला, आभाळ स्वच्छ होतं, आणि त्यानं एकच गोष्ट मागितली: येत्या अष्टमीला गच्चीवर न्या. तो स्वतः चालू शकत नव्हता. जिना अरुंद, मध्ये वळण. खुर्चीत बसवून न्यायला चार माणसं लागणार होती.

वहिनी त्याचे पाय चेपत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, अर्धा कायकू बघायचा? आठ दिवस थांबा की. पुरा दिसंल. सगळे येतील."

मी म्हणालो की अष्टमीच बरी, तेव्हाच नीट दिसतं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी विहारातल्या मंडळींना आधीच सांगून ठेवलं होतं. माणसं नोकरीवाली, कामावरून सुटून एकत्र येणार ती पौर्णिमेलाच. मग दादा म्हणाला, "हौ, पुनवेलाच न्या." अष्टमीचा चंद्र त्यानं खिडकीच्या गजांतून पाहिला.

पौर्णिमेला वंदना त्याच्या खाटेशीच झाली. चौघांनी त्याला वर नेलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं कठड्यापर्यंत उभी होती. वहिनींनी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली आणि मी दुर्बीण त्याच्या डोळ्याच्या उंचीला आणली. तो बराच वेळ बघत राहिला. उजेडानं डोळ्यातून पाणी येत होतं, ते तो पुसत होता. बायका वहिनींचा हात धरून रडत होत्या. मी नळी सरकवायला वाकलो तेव्हा तो फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "सावली नाही रे कुठं."

वहिनींनी विचारलं, "दिसला का हो?"

"दिसला की," तो म्हणाला. "असा कधीच दिसला नव्हता."

मग त्यानं एकेकाला बोलावून दुर्बिणीतून बघायला लावलं, आणि कुणावरही वैतागला नाही.

पुढची अष्टमी यायच्या आधी तो गेला.

वहिनी आता पौर्णिमेला खीर करत नाहीत, पण विहारात जातात. परत आल्या की माझ्यासमोर बसतात आणि म्हणतात, शेवटी एवढं तरी झालं, त्यांनी डोळे भरून पाहिला. दर वेळी मी हो म्हणतो.