बी नसलेलं जांभूळ

दुपारी मी आईला ब्लूबेरी भरवतो. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या, त्यात क जीवनसत्त्व असतं, तंतू असतात, आणि सालीतल्या निळ्या रंगामुळे म्हातारपणी स्मरणशक्तीला थोडा आधार मिळतो म्हणतात. आईला मात्र ते जांभूळच वाटतं. प्रत्येक फळ चघळून झालं की ती ओठांखाली तळहात धरते आणि न येणाऱ्या बीची वाट बघत बसते. तेव्हा तिचे ओठ निळे दिसतात. माझा मोठा भाऊ दिनू दम्यानं गेला, त्याचे शेवटी झाले होते तसे.

"दिनू, बी कुठं गेली रे?" ती मलाच विचारते.

पहिल्यांदा मी म्हणालो, "आई, मी धाकटा. दिनू गेला." ती अशी रडली, जणू बातमी तिला त्याच क्षणी कळली होती. मग मी तिची चूक सुधारणं सोडलं. कुणाला बोललो नाही, आज सांगतो. तिला आठवावं म्हणून मी रोज भरवतो आणि मनात म्हणतो, गुण येऊ नये. आठवलं तर दिनू पुन्हा मरेल. आणि खरं सांगायचं तर, दिनू समजून ती माझ्या गालावरून हात फिरवते, तसा माझ्या नावानं तो कधी फिरला नव्हता.

काल वाटीतलं शेवटचं फळ तिनं माझ्या तोंडात घातलं आणि माझ्या पाठीमागच्या दाराकडं बघत कुजबुजली, "गपचूप खा. धाकटा तिथं उभा राहून बघतोय."

मी वळून पाहिलं नाही. मुकाट्यानं गिळलं.