‘उधाण’च्या कव्हरवर कोण बसलंय?

मंडळी, आधीच सांगतो — भूत, चकवा, झपाटणं असल्या भानगडींवर माझा काडीचाही विश्वास नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि हसतो, खोटं कशाला बोलू? घणसोली गावात, जुन्या गावठाणात, माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, हळदी, दहावी पास झालेली पोरं... आमच्या भागात लटकणारे निम्मे बॅनर माझे. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात, पण आमच्या धंद्यात ते दुसरं कोण करणार!

माझी चुलत बहीण प्रणाली, काकांची एकुलती एक. इंजिनिअर झाली आणि जवळच म्हाप्याच्या एका कंपनीत चालून आलेली नोकरी न धरता मैत्रिणीबरोबर दोन वर्षं घरात बसून तिने एक हॉरर गेम बनवला. नाव ‘उधाण’. खाडीकाठच्या शेतांना बांध असतो आणि त्या बांधात पाणी सोडायचं-अडवायचं लाकडी दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. गेममध्ये तुम्ही त्या उघाडीचे राखणदार. भरती चढत येते, पाण्यातून कुणीतरी दारावर थापा मारतं... आणि दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. खाडीवर फिरताना प्रणालीला एक मोडकी उघाडी दिसली होती, त्यावरून तिला हे सुचलं.

काका एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी सरळ सांगितलं, "दिवालीपरयंत बगतो. नाय चालला तुजा गेम, त गुमान म्हाप्याच्या कंपनीत जायचं." आता गेम ज्या ऑनलाइन स्टोअरवर विकायचा, तिथे हजारो गेम रांगेत उभे. लोक कव्हरचं चित्र बघतात आणि खालच्या दोन ओळी वाचतात. आवडलं तर विशलिस्टमध्ये टाकतात, नाहीतर बोट पुढे सरकतं. म्हणजे पोरीची दोन वर्षं त्या एका चित्रावर टांगलेली. आणि ते चित्र काढायला तिने मला सांगितलं. छाती फुगली ना माझी!

मी जीव ओतून काम केलं. बॅनरचा नियम एकच — कुणाचा चेहरा राहता कामा नये, नाहीतर भांडणं होतात. तर मी सगळ्यांना घेतलं. मध्ये राखणदार, वर गोल चौकटीत चार भुतं, बाजूला कवट्या, खाली रक्त, आणि कोपऱ्यात हात जोडून प्रणाली आणि तिची मैत्रीण. शिवाय ओळ लिहिली — ‘थरारक! रोमांचक! अंगावर काटा आणणारा महागेम!’

प्रणालीने ते चित्र स्क्रीनवर बोटाच्या पेराएवढं बारीक केलं. "दादा, लोकांना एवढंच दिसणार. काय दिसतंय सांग."

मी डोळे बारीक केले. "खिमा."

"मग? माणसं काढ सगळी. एकच वस्तू ठेव. आणि ओळीत थरारक-बिरारक नको, खेळणारा काय करतो ते सांग."

राग आला मला. पंधरा वर्षं धंदा करतोय आणि ही मला शिकवणार! पण पोरगी बरोबर होती. मी एकेक चेहरा उडवत गेलो. शेवटी उरली फक्त उघाडी. काळं-हिरवं पाणी, मधोमध लाकडी फळी, फळीवर एका कंदिलाचा उजेड आणि वर मोठ्या अक्षरात ‘उधाण’. माणूस एकही नाही. पेराएवढं केलं तरी लांबून ओळखू येत होतं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम, बिनधास्त लिहितो.

पान स्टोअरवर चढलं. दोन दिवसांनी ब्राझीलच्या एका माणसाचा प्रश्न आला — कव्हरवरची बाई फळीला कान लावून का बसली आहे?

आम्ही हसलो. म्हटलं, बघितला असेल दुसराच गेम. मग सांगलीच्या एका मुलाने लिहिलं, ‘ती पाठमोरी बाई भारी, कान लावून काय ऐकतेय?’ मग आणखी दोघं. सगळ्यांचं एकच — बाई, पाठमोरी, फळीला कान. कुणी ओळखीचे नाहीत, एकमेकांच्या देशातलेही नाहीत.

प्रणाली माझ्यावर उखडली. "दादा, मस्करी करतोयस ना? लपवलीस कुठेतरी?"

"आईशप्पथ नाही!" मी तिच्यासमोर फाइल उघडली. एकेक लेयर बंद करून दाखवला. पाणी, फळी, उजेड, अक्षरं... संपलं. झूम करकरून आमचे डोळे दुखले. तिला काही दिसेना, मलाही दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका गाळ्यावरून जेवायला आले. प्रणाली जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती, मीही तिथेच होतो. काका हात धुवायला निघाले आणि स्क्रीनपाशी थांबले. त्यांचा चेहरा असा झाला की मी खुर्ची पुढे केली.

"आक्काला कोनी काडली?" काका म्हणाले.

काकांना मोठी बहीण होती, म्हणजे माझी आत्या, एवढंच आम्हाला माहीत. घरात तिचा फोटो नाही आणि काकांसमोर कुणी तिचं नाव काढत नसे. त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले. गावची उघाडी आक्का सांभाळायची. उधाणाला ती फळीला कान लावून बसायची, कारण बांध किती दम धरतोय ते फळीतल्या आवाजावरून कळतं.

"आक्का सांगायची, पानी बोलतंय तवर भ्यायचं नाय. गप जालं, का पलायचं." काका खाली बघत म्हणाले. "त्या दिवशी मी तिच्यासंगती बसायचा व्हतो. आठ वर्सांचा. चिंबोऱ्या पकडायला पलालो. बांध फुटला... तिनं वरडून वरडून शेतावरची सगली मानसं भायेर काडली. ती नाय आली."

आणि आमचे काका, सत्तरीला आलेला माणूस, पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मीही रडलो, लाज कसली.

त्या संध्याकाळी प्रणालीने स्टोअरवरची ओळ बदलली — ‘फळीला कान लावा. पाणी बोलतंय तोवर भिऊ नका. गप्प झालं, की पळा.’ आकडे सांगत नाही, नजर लागते. पण गेम खेळून व्हिडिओ टाकणाऱ्या एका नावाजलेल्या यूट्यूबरने तेवढी ओळ वाचून गेमचा व्हिडिओ केला आणि दिवाळीच्या आत ‘उधाण’ कुठल्या कुठे गेला. म्हाप्याच्या कंपनीचा फोन आला तेव्हा तो काकांनीच घेतला. "नोकरी नाय पायजे," ते म्हणाले. "माजी पोरगी गेम बनवते."

आता मित्र म्हणतात, उजेड-सावलीचा खेळ आहे, एकाने सांगितलं की दुसऱ्याला दिसतं. मान्य! पण त्या पहिल्या माणसाला कुणी सांगितलं होतं? आणि फळीला कान लावतात हे मला, चित्र काढणाऱ्यालाच, ठाऊक नव्हतं. तसंच्या तसं चित्र आजही स्टोअरवर आहे, एक ठिपकाही बदललेला नाही. याचं उत्तर आपल्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

त्या दुपारनंतर प्रणालीलाही ती दिसायला लागली. घरात आता सगळ्यांना दिसते, काकूला, माझ्या बायकोला, सहा वर्षांच्या माझ्या मुलीलासुद्धा. मीच तेवढा राहिलोय.

गेल्या रविवारी काका दुकानात आले. हल्ली रोज येतात, आलेल्या गिऱ्हाइकाला मोबाइलवर ते चित्र दाखवतात. त्या दिवशी दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. साठ-बासष्ट वर्षांनी बहीण सापडलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते मी बघत होतो.

"तूच काडलीस रं तिला," ते म्हणाले. "तुला त दिसते ना?"

मी त्या रिकाम्या फळीकडे नीट बघितलं.

"दिसते ना काका," मी म्हणालो. "कान लावून बसलीय."