जुन्या कर्नलवर परत आलेलं मशीन

मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. गुरुग्रामला. ‘मॅडम, आपोआप झालं’ असं कोणी म्हणालं की मी आधी लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी, मागते, आणि लॉगमध्ये कारण सापडतंच. भुताखेताचे किस्से सुरू झाले की मी चहाला उठून जाते. त्यामुळे हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय. पण या एका गोष्टीचा लॉग कुठेच नाही.

आम्ही दिल्लीतल्या द्वारकेला राहतो, सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. मूळचे नागपूरचे. माझा नवरा मिलिंद गेल्या वर्षी गेला... हार्ट अटॅक. तोही माझ्याच लाइनमधला. आईंची नजर गेल्यावर त्यांना वाचता येईना, म्हणून तो रोज ऑफिसला जायच्या आधी त्यांच्यासाठी काहीतरी वाचून रेकॉर्ड करायचा. गोष्टी, लेख, कधी नुसत्या पेपरातल्या बातम्या आणि त्यावरची स्वतःची मल्लिनाथी. दुपारी जेवण झालं की आई ते ऐकतात. शिळ्या बातम्या असतात, तरी ऐकतात.

ही सगळी रेकॉर्डिंग्ज घरच्या एका जुन्या मशीनवर आहेत. त्यावर युनिक्सच्या जातीची सिस्टिम आहे. मिलिंद ती तयार डाउनलोड करून टाकायचा नाही, सोर्स कोड आणून घरीच कंपाइल करायचा. आई म्हणायच्या, “पापड विकत मिळतात तरी घरीच लाटणाऱ्यातला आहे हा.”

तो गेल्यावर मशीनला कोणी हात लावला नव्हता. त्या आवृत्तीचे सिक्युरिटी पॅच बंद झाले, तेव्हा मी एका रविवारी अपडेट करायला घेतलं. बॅकअपची डिस्क नेमकी त्याच आठवड्यात बिघडली होती, नवी यायची होती. थांबायला हवं होतं. पण मला रविवारच मिळतो, आणि या पद्धतीत क्रम पाळला तर परतीचा रस्ता कायम राहतो. आधी फक्त नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बसवायचा. मशीन रीबूट करून तो उभा राहतो का बघायचं. राहिला, तरच बाकीचे सगळे प्रोग्राम बदलायचे. नाही राहिला, तर जुना कर्नल आणि जुने प्रोग्राम जागेवर असतातच.

कंपाइल शनिवारी रात्रभर चाललं होतं. रविवारी सकाळी मी नवा कर्नल बसवला. तेवढ्यात इंटरकॉमवर गार्डचा फोन — “मैडम, बारह बजे लाइट कटेगी, ट्रांसफार्मर का काम है.” यूपीएसची बॅटरी नावालाच होती. मी विचार केला, मधला रीबूट गाळू. सगळं बसवून टाकू आणि शेवटी एकदाच रीबूट करू. अनुभवी लोक हे करतात. ऑफिसात मीही केलंय, काही झालं नाही.

कमांड टाइप केली. बोट एंटरवर होतं.

आई वॉकर घेऊन खोलीबाहेर आल्या. एरवी त्या वेळी झोपलेल्या असतात. म्हणाल्या, “सुजाता, थांब. आधी नवीन उठतंय का बघ. जुनं घालवू नकोस.”

मला राग आला, लाइट जाणार होती. पण आईंशी वाद घालायचा तर आधी त्यांचं कानाचं यंत्र लावावं लागतं, आणि ते माझ्या लॅपटॉपशेजारी चार्जिंगला होतं. त्यापेक्षा रीबूट लवकर होईल म्हणून मी रीबूट केलं.

नवा कर्नल अर्ध्यात अडकला. त्याला डिस्कच दिसत नव्हत्या. डिस्क ज्या जुन्या कार्डाला जोडल्या होत्या त्याचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीतून काढून टाकलेला होता, हे मला नंतर कळलं. मी मेनूतून जुना कर्नल निवडला, मशीन मुकाट्याने उठलं. रेकॉर्डिंग्ज होत्या. मी एक लावून बघितलं, लगेच बंद केलं.

प्रोग्राम आधी बदलले असते तर जुन्या कर्नलवर ते नीट चालले नसते, आणि नव्याला डिस्क दिसत नव्हत्या. जाणकार म्हणतील, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता आल्या असत्या. आल्या असत्या. पण त्या डिस्क इतक्या जुन्या आहेत की शाश्वती कोणी दिली नसती.

मग मी आईंच्या कानाला यंत्र लावलं आणि विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

“मिलिंदने. आत्ताच.”

मी म्हटलं, यंत्राशिवाय तुम्हाला दाराची बेलसुद्धा ऐकू येत नाही.

“त्याचं येतं,” आई म्हणाल्या. मग जरा गोंधळल्या. “तुला कितीतरी हाका मारत होता तो. तू वळून बघेचनास. मग मला उठवलं त्याने. म्हणाला, तूच जाऊन सांग तिला... तुला नाही आल्या ऐकू?”

मी नाही म्हटलं आणि कुकर लावायला गेले.

त्यानंतर मी खूप विचार केला. आईंची बुद्धी शाबूत आहे. मिलिंद हे पूर्वी घरात बोलला असेल, त्यांच्या लक्षात राहिलं असेल. मान्य. पण भिंतीपलीकडे मी काय टाइप केलंय हे त्यांना, न दिसता, न ऐकू येता, नेमकं त्याच वेळी कसं कळलं? कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा.

नवी डिस्क आली, तीन ठिकाणी बॅकअप आहेत आता. आई दुपारी ऐकतात.

मी मात्र ऑफिसच्या चेकअपमध्ये मुद्दाम कान तपासून घेतले. दोन्ही उत्तम आहेत. त्या सकाळी टीव्ही बंद होता, पंखासुद्धा बंद होता, आणि मला काहीही ऐकू आलं नाही.